आशिओची खाण आणि वातारासे नदीचा गाळ

खाणींतून धातु बाहेर निघतो, असें बोलण्याच्या सोईसाठीं म्हणतात. वस्तुतः बाहेर येतो तो दगड. तांब्याच्या खाणींतील दगडांत तांब्याचा अंश शेंकडा दोन-चार भाग असला म्हणजे खाण श्रीमंत समजावयाची. पुष्कळ ठिकाणीं तो एकाहूनही कमी भरतो. हा दगड फोडावयाचा, कुटून बारीक करावयाचा, पाण्यांत घोळवून त्यांतील जड कण वेगळे काढावयाचे आणि उरलेला राखाडी चिखल टाकून द्यावयाचा, हा क्रम फार जुना आहे. तांदूळ धुतल्यावर गृहिणी ज्या सहजतेनें धुवण ओतून देते, त्याच सहजतेनें खाणवाले हा चिखल जवळच्या ओढ्यांत ओतून देत आले. खाणी लहान होत्या तोंपर्यंत नदीनें तें सोसलें. एकोणिसाव्या शतकांत वाफेचें व विजेचें यंत्र खाणींत शिरलें, आणि वर्षांत जितका दगड पूर्वीं निघत असे तितका आठवड्यांत निघूं लागला. तेव्हां या चिखलाचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला.

आज बहुतेक देशांत या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें बांधून दिलेलें आहे. गाळ कोठें सांठवावा, त्याचा बांध कसा रचावा, त्यांतून झिरपणारें पाणी किती शुद्ध असावें, खाण संपल्यावर उघडा पडलेला डोंगर पुन्हां झांकून कोणी द्यावा, याचे नियम आहेत. आणि ते नियम पाळतां येतील असा आराखडा आधीं तयार केल्याशिवाय कुदळ मारतां येत नाहीं. परंतु हे नियम कोणा पंडितानें शांतपणें बसून लिहिलेले नाहींत. त्यांच्या प्रत्येक कलमामागें कोणाचें तरी बुडालेलें शेत आहे. जपानांतील आशिओ येथील हकीकत या बाबतींत इतकी बोधक आहे, आणि इकडे ती इतकी थोडी ठाऊक आहे, कीं ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आशिओ हें गांव जपानच्या मुख्य बेटांत, टोकिओच्या उत्तरेस, तोचिगी प्रांतांतील डोंगरांत वसलें आहे. निक्को येथील प्रसिद्ध देवस्थानें तेथून जवळच आहेत. येथील डोंगरांत उगम पावणारी वातारासे नदी खालीं सपाटींत उतरते, तोचिगी व गुम्मा या दोन प्रांतांच्या शेतांना पाणी पाजते आणि शेवटीं तोने नांवाच्या मोठ्या नदीला मिळते. ही सपाटी म्हणजे भाताचें आणि तुतीचें आगर. डोंगरांतील पानांचा पाला नदीच्या पुराबरोबर येऊन शेतांत पसरे. तेंच त्यांचें खत. म्हणून या भागांतील शेतकरी पुराला भीत नसत. दोन-तीन वर्षांनीं एखादा पूर येऊन गेला म्हणजे पीक चांगलें येतें, असाच त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. हा एक मुद्दा लक्षांत ठेवावा. पुढील सर्व अनर्थाची कडू चव त्यांतच आहे.

आशिओची खाण सतराव्या शतकाच्या आरंभापासून तोकुगावा सरकारच्या ताब्यांत होती. तेथील तांबें निक्कोच्या मंदिरांवर व एदोच्या किल्ल्यावर चढलें. पुढें ती ओसरत गेली व शेवटीं जवळजवळ निरुपयोगी ठरली. १८७७ सालीं फुरुकावा इचिबेइ नांवाच्या व्यापाऱ्यानें ती विकत घेतली. त्याच्या हातांत पैसा थोडा, पण जिद्द मोठी होती. पहिलीं कांहीं वर्षें हातांस कांहीं लागलें नाहीं. नंतर १८८१ त आणि १८८४ त एकामागून एक अशा दोन विलक्षण श्रीमंत शिरा सांपडल्या. दहा वर्षांच्या आंत आशिओ ही जपानांतील तांब्याची सर्वांत मोठी खाण झाली. १८८८ त जार्डिन मॅथेसन या इंग्रज पेढीशीं तिचा हजारों टन तांब्याचा करार झाला. १८९० त तेथें पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करणारें केंद्र उभारलें गेलें. त्या काळीं तांबें म्हणजे जपानला परदेशी चलन मिळवून देणारा मोठा माल होता. त्यांतून लोखंड, यंत्रें आणि लढाऊ जहाजें विकत घेतां येत. फुरुकावाला ‘तांब्याचा राजा’ म्हणत, तें उगीच नव्हे.

आतां नदीकडे वळावें. आशिओचें तांबें गंधकाशीं संयुक्त झालेलें असतें. दगड भट्टींत भाजला कीं गंधकाचा तिखट धूर निघतो. तो डोंगरावरील झाडांच्या पानांवर बसतो व पावसांत विरघळून त्यांना जाळतो. दुसरीकडे, फोडलेल्या दगडाला व टाकून दिलेल्या चिखलाला हवा आणि पाणी लागलें कीं त्यांतील गंधकापासून आम्ल तयार होतें, आणि तें आम्ल उरलेसुरलें तांबें विरघळवून आपल्याबरोबर नेतें. अशा रीतीनें एकाच खाणीनें डोंगर बोडका केला आणि नदीही विषारी केली. त्यांत भट्ट्यांना व खाणींतील आधारांना लांकूड लागे, तें याच डोंगरांवरून तुटून येई. झाडें गेल्यावर माती धरून ठेवणारें कांहीं उरलें नाहीं. पाऊस पडला कीं माती, गाळ आणि टाकाऊ दगड एकदम खालीं येत. १८८५ च्या उन्हाळ्यांत वातारासेंतील अयु नांवाचे मासे हजारोंनीं मरून वर आले, आणि त्याची बातमी टोकिओच्या वर्तमानपत्रांत छापून आली. नदीवर जगणाऱ्या कोळ्यांचा धंदा पुढील चार-पांच वर्षांत बसला.

१८९० च्या ऑगस्टांत मोठा पूर आला. शेतकऱ्यांनीं नेहमींच्या विश्वासानें पाणी ओसरण्याची वाट पाहिली. पाणी ओसरलें, मागें राखाडी थर राहिला, आणि त्या थरांत भाताचें रोप पिवळें पडून वाळून गेलें. जो पूर खत आणीत असे, तोच आतां विष आणूं लागला होता. गांवकऱ्यांनीं ती माती बांधून शेतकी महाविद्यालयाकडे तपासणीस पाठविली. कोझाइ योशिनाओ या तरुण रसायनशास्त्रज्ञानें ती तपासून तिच्यांत तांब्याचे क्षार असल्याचें सांगितलें. हें १८९१ सालचें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, नुकत्याच स्थापन झालेल्या जपानी पार्लमेंटांत, तोचिगीचा प्रतिनिधि तानाका शोझो यानें सरकारला लेखी प्रश्न विचारला: प्रजेच्या मालमत्तेला अपाय करणारी खाण बंद करण्याचा अधिकार कायद्यानें सरकारला दिलेला असतां सरकार स्वस्थ कां?

सरकारचें उत्तर वाचण्यासारखें होतें. नुकसान झालें आहे हें खरें, परंतु त्याचें कारण निश्चित झालेलें नाहीं. आणि शिवाय खाणमालक खनिजाचे बारीक कण पकडण्याचीं यंत्रें परदेशांतून मागवीत आहे, असा त्याचा भावार्थ. कारण ठाऊक नाहीं, पण त्यावरचा उपाय मात्र सुरू आहे, हें तर्कशास्त्र विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत आढळलें असतें तर त्याला गुण मिळाले नसते! हें खातें ज्या मंत्र्याच्या हातीं होतें त्या मुत्सु मुनेमित्सु याचा दुसरा मुलगा फुरुकावाच्या घरीं दत्तक गेलेला होता, ही गोष्ट तेव्हांही सर्वांना माहीत होती. मुत्सु हा असामान्य बुद्धीचा मुत्सद्दी होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण या प्रकरणीं त्याचें नांव उजळ राहिलें नाहीं.

पुढील चार-पांच वर्षें तडजोडींत गेलीं. खाणीनें थोडीशी रक्कम द्यावी व शेतकऱ्यानें तक्रार करणार नाहीं असें लिहून द्यावें, असे कागद गांवोगांव फिरले. कांहीं कागदांत तर पुढें केव्हांही तक्रार करणार नाहीं असें कायमचें वचन होतें. १८९४-९५ त चीनशीं युद्ध चालू होतें. अशा वेळीं तांब्याविरुद्ध बोलणें हें देशाविरुद्ध बोलण्यासारखें वाटे. मग १८९६ च्या पावसाळ्यांत लागोपाठ पूर आले, आणि विषारी चिखल पूर्वीं कधीं गेला नव्हता अशा गांवांतही शिरला. कागदावरील वचनें त्या पाण्यांत वाहून गेलीं. तातेबायाशीजवळच्या उन्र्यूजी या बौद्ध मठांत शेतकऱ्यांची कचेरी उघडली. १८९७ च्या मार्चांत दोन हजारांवर शेतकरी पायीं टोकिओस निघाले. पोलिसांनीं जागोजाग अडविल्यामुळें आठशेंच्या सुमारास लोक राजधानींत पोंचले. पण तेवढे पुरेसे झाले. शेतकी मंत्री एनोमोतो ताकेआकि स्वतः नदीकांठीं गेला. त्यानें तीं शेतें पाहिलीं, परत आला आणि लवकरच अधिकारपदाचा राजीनामा देऊन मोकळा झाला. जाण्यापूर्वीं चौकशी समिति नेमली गेली, हें त्याच्या भेटीचें फळ.

या समितीच्या शिफारशीवरून २७ मे १८९७ रोजीं खाणीवर जो हुकूम निघाला, तो या सर्व हकीकतींतील अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज होय. त्यांत ३७ कलमें होतीं. खाणीचें व कारखान्याचें पाणी थेट नदींत सोडावयाचें नाहीं. तें प्रथम मोठ्या हौदांत घेऊन त्यांत चुना मिसळावयाचा. चुन्यानें आम्ल मरतें, आणि आम्ल मेलें कीं विरघळलेलें तांबें पाण्यांत राहूं शकत नाहीं. त्याचे कण होऊन तळाशीं बसूं लागतात. हौद इतके लांबरुंद हवेत, कीं त्यांतून पाणी अगदीं संथ सरकावें व गाळाला बसण्यास वेळ मिळावा. त्यानंतर तें पाणी वाळूच्या थरांतून गाळावयाचें, आणि मगच नदीला द्यावयाचें. हौदांत बसलेला गाळ व कारखान्याचा टाकाऊ माल डोंगराच्या घळींत नेमलेल्या जागीं सांठवावयाचा, त्याला पुढून बांध घालावयाचा, आणि वरचें पावसाचें पाणी त्यांत शिरूं नये म्हणून बाजूनें चर काढावयाचे. भट्टीच्या धुरासाठीं मनोरा बांधून त्यांत चुन्याच्या निवळीचा पाऊस पाडावयाचा, म्हणजे गंधक तेथेंच अडकेल. प्रत्येक कामाला मुदत ठरविलेली होती; आणि एकही कलम मोडलें तर खाण बंद करण्याची धमकी शेवटीं जोडलेली होती.

खाणमालकानें हा हुकूम मानला. हजारों मजूर रात्रंदिवस राबले. दहा लाख येनांहून अधिक रक्कम खर्च झाली. ही रक्कम त्या काळीं प्रचंड होती, आणि ती फुरुकावाला कर्ज काढून उभारावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सर्व कामें पुरीं झालीं. ज्यांना यंत्रविद्येची आवड आहे त्यांनीं हा हुकूम वाचला तर त्यांना तो आदरणीय वाटेल. आजही गाळाच्या सांठवणीचा आराखडा करणारा अभियंता मूलतः हींच कामें करतो: पाणी वेगळें करणें, आम्ल मारणें, गाळ बसविणें, बसलेला गाळ कोंडून ठेवणें आणि बाहेरचें पाणी बाहेरच राखणें. १८९७ सालीं, ज्या काळीं बहुतेक देशांत खाणी खुशाल नदींत ओतीत होत्या, त्या काळीं सरकारनें हें मुदतीसह लिहून द्यावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तरीही नदी सुधारली नाहीं. याची कारणें पाहिलीं म्हणजे नियम पाळणें आणि अपाय टाळणें यांतील अंतर दिसतें. धुराचा मनोरा जवळजवळ निकामी ठरला. चुन्याच्या पाण्यानें एवढा गंधक अडविण्याची विद्याच तेव्हां हातीं आलेली नव्हती. हौद कोरड्या दिवसांसाठीं पुरेसे होते, पण पूर कोरड्या दिवसांत येत नसतो. १८९८ च्या सप्टेंबरांत वादळी पाऊस झाला आणि निवळण्याचा हौद फुटला; वर्षभर मोठ्या कष्टानें बसविलेला गाळ एका रात्रींत खालीं गेला. आणि हुकुमापूर्वींच्या वीस वर्षांत जो चिखल नदीच्या पात्रांत, ओढ्यांत व उघड्या डोंगरावर पडून होता, त्याविषयीं हुकुमाच्या कलमांत पुरेसा उपाय नव्हता. नवें विष थोपविण्याची योजना झाली, जुनें विष वाटेवरच राहिलें. आणखी एक गोष्ट. हुकूम अमलांत आणण्यावर देखरेख करणारा खाण-खात्याचा अधिकारी मिनामि तेइझो हा कांहीं वर्षांनीं नोकरी सोडून त्याच खाणीचा मुख्य होऊन बसला. १९०७ त खाणींतील मजुरांनीं दंगा केला, तेव्हां त्यांनीं ज्या साहेबाला मारहाण केली तो हाच.

येथें थोडें विषयांतर क्षम्य ठरावें. असाच प्रश्न याच सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत उपस्थित झाला होता. तेथें सोन्यासाठीं पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें डोंगरच्या डोंगर धुवून काढीत, आणि तो चिखल खालच्या नद्यांत भरून शेतें व गांवें बुडत. ७ जानेवारी १८८४ रोजीं न्यायाधीश लॉरेन्स सॉयर यांनीं निकाल दिला, कीं असा चिखल नदींत सोडतां येणार नाहीं. झालें! तो धंदा जवळजवळ बसला. आणि १८९३ त कायदा होऊन, आधीं चिखल अडविणारा बांध बांधावा व मग काम करावें, अशी परवानगी मिळाली. कॅलिफोर्नियांतील शेतकऱ्याला न्यायालय सांपडलें. आशिओखालच्या शेतकऱ्याला तें सांपडलें नाहीं.

त्याला सांपडला तानाका शोझो. हा गृहस्थ स्वतः खेड्यांतील मुखियाचा मुलगा. शिक्षण बेताचें, पोषाख गबाळा, आवाज मोठा. हौद फुटल्यावर सप्टेंबर १८९८ मध्यें हजारों शेतकरी तिसऱ्यांदा राजधानीकडे निघाले. तेव्हां तानाकानें त्यांना वाटेंत गांठून परत फिरविलें. प्रथमच लोकपक्षांचें मंत्रिमंडळ आलें आहे, तें न्याय देईल. न दिला तर आपण स्वतः तुमच्या पुढें चालूं, असें त्यानें त्यांना सांगितलें. पन्नास प्रतिनिधि मागें ठेवून लोक घरीं गेले. तें मंत्रिमंडळ दोन महिन्यांच्या आंत कोसळलें. हें ओझें तानाकाच्या मनावर जन्मभर राहिलें असावें, असें त्याच्या पुढील वर्तनावरून वाटतें. १८९९ त प्रतिनिधींचें वेतन वाढविण्याचा ठराव झाला. त्यानें विरोध केला आणि स्वतःचें सर्वच वेतन सोडलें.

दरम्यान सरकारनें एक सवलत दिली होती, तिचा परिणाम चमत्कारिक झाला. विषारी झालेल्या जमिनीचा सारा माफ करण्यांत आला. परंतु त्या काळीं मताचा अधिकार ठराविक कर भरणाऱ्यासच होता. म्हणून सारा माफ होतांच कित्येक शेतकऱ्यांचा मताधिकारही नाहींसा झाला. नदीनें जमीन घेतली होती, दयेनें मत घेतलें!

१३ फेब्रुवारी १९०० रोजीं शेतकरी चौथ्यांदा निघाले. तोने नदीच्या कांठीं कावामाता येथें पोलिसांनीं त्यांच्यावर हल्ला करून पांगविलें, अनेकांना पकडलें आणि ५१ जणांवर खटला भरला. चार दिवसांनीं तानाकानें पार्लमेंटांत विचारलें, कीं प्रजेचा नाश म्हणजे राज्याचा नाश हें सरकारला कळतें काय? प्रधानमंत्री यामागाता आरितोमो यानें लेखी कळविलें, कीं प्रश्नाचा अर्थ समजत नाहीं, सबब उत्तर देण्यांत येत नाहीं. खटला चालू असतां कोर्टांत सरकारी वकिलाचें भाषण ऐकून तानाकानें मोठ्यानें जांभई दिली, त्याबद्दल न्यायालयाच्या अवमानाचा आरोप येऊन पुढें त्याला चाळीस दिवसांवर तुरुंगांत काढावे लागले. शेतकऱ्यांवरील खटला १९०२ च्या अखेरीस अपिलांत गुंडाळला गेला.

त्यापूर्वींच तानाकानें पार्लमेंट सोडलें होतें. १० डिसेंबर १९०१ रोजीं बादशहा मेइजी पार्लमेंटचें अधिवेशन उघडून परत जात असतां, साठ वर्षांचा हा म्हातारा अर्ज हातांत घेऊन त्यांच्या गाडीकडे धांवला. शिपायांनीं त्याला पकडलें, अर्ज बादशहापर्यंत पोंचला नाहीं. त्या अर्जाचा मसुदा कोतोकु शूसुइ या पत्रकारानें लिहिला होता, आणि तानाकानें त्यांत स्वतःच्या हातानें दुरुस्त्या केल्या होत्या. शिक्षा द्यावी तर प्रकरण वाढतें, म्हणून तो वेडा आहे असें ठरवून सोडून देण्यांत आलें. पण वर्तमानपत्रांनीं अर्ज छापला. टोकिओचे विद्यार्थी शेंकड्यांनीं विषारी गांवें पाहण्यास गेले, आणि स्त्रियांनीं कपडेलत्ते व पैसे जमविले.

सरकारनें दुसरी समिति नेमली. तिनें १९०३ त निष्कर्ष काढला, कीं जमिनींतील तांबें मुख्यतः १८९७ च्या पूर्वींचें आहे. आतां दोष खाणीचा कमी व पुराचा जास्त. सबब पुराचें पाणी अडवून धरणारा मोठा तलाव करावा. हा निष्कर्ष रसायनशास्त्राच्या दृष्टीनें सर्वस्वीं खोटा नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला, कीं विषाचा प्रश्न पाण्याचा प्रश्न झाला. तलावासाठीं जी जागा निवडली, तेथें यानाका नांवाचें सुपीक गांव होतें, आणि तें विषाविरुद्धच्या चळवळीचें एक केंद्र होतें. १९०४ त तोचिगीच्या प्रांतिक सभेनें गांव विकत घेण्याचा ठराव केला. तानाका त्याच वर्षीं गांवांत राहावयास गेला. पुष्कळांनीं पैसे घेऊन गांव सोडलें. १९०६ त गांवाचें नांवच सरकारी कागदांतून काढून टाकलें. सोळा घरें मात्र हललीं नाहींत. १९०७ च्या जून-जुलैंत पोलिसांनीं तीं एकामागून एक पाडलीं. त्या घरांतील माणसें तरीही गेलीं नाहींत. पाण्याच्या कडेला झोंपड्या उभारून राहिलीं. गांव सोडलेल्यांपैकीं कांहीं कुटुंबें पुढें उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, थंडीनें गारठलेल्या जंगलांत वसविण्यांत आलीं.

तानाका ४ सप्टेंबर १९१३ रोजीं वारला. त्याची सर्व मालमत्ता एका पिशवींत होती: हस्तलिखित व रोजनिशी, बायबलांतील नवा करार, राज्यघटनेची प्रत, थोडे कागद आणि नदीकांठचे तीन गोटे. त्याच्या अस्थि नदीकांठच्या गांवांनीं वांटून घेतल्या.

खाणीच्या वरच्या बाजूस मात्सुकि नांवाचें लहान गांव होतें. त्याचा बळी नदीनें नव्हे, धुरानें घेतला. रेशमाच्या किड्यांना लागणारी तुती जळाली, मग धान्य गेलें, मग गुरांचा चारा गेला. १९०१ त गांवकऱ्यांनीं खाणीकडून पैसे घेतले आणि दुसऱ्या वर्षीं गांव ओस पडलें. त्या जागीं पुढें भट्टीच्या काळ्या मळीचे ढीग उभे राहिले. आसपासचे सुमारें अडीच हजार हेक्टर डोंगर इतके उघडे पडले, कीं त्यांचा खडक दिसूं लागला.

खाण मात्र वाढतच राहिली. विसाव्या शतकांत खनिज पिठासारखें दळून फेसावर तरंगवून काढण्याची पद्धति आली. तिच्यामुळें गरीब दगडांतूनही तांबें निघूं लागलें, पण टाकाऊ गाळ अधिक झाला आणि अधिक बारीकही. हा गाळ घळींत सांठवावयाचा तर बांध हवा. सर्वांत स्वस्त बांध म्हणजे गाळाचाच: कडेला जाड वाळू बसूं द्यावी, तिचा बांध करावा, आंत चिखल भरावा, मग त्या वाळलेल्या चिखलावरच पुढचा बांध चढवावा. वरून ती जागा टणक दिसते. पण समुद्रकांठच्या ओल्या वाळूवर पाय आपटले म्हणजे ती जशी एकाएकीं पातळ होऊन पाणी वर येतें, तशीच या गाळाची गति आहे. आंतील पाणी निघून गेलें नसेल, तर जोराचा पाऊस किंवा भूकंपाचा धक्का त्याला पुन्हां चिखल बनवितो. १९३६ सालीं जपानच्या उत्तर भागांतील ओसारिझावा खाणीचा असा बांध फुटून साडेतीनशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं होतीं. ही सूचना पुरेशी होती.

आशिओच्या गेन्गोरोसावा घळींतील सांठवण ३० मे १९५८ रोजीं कोसळली. भाताच्या लावणीचे दिवस होते. गाळ वातारासेंत उतरला आणि सुमारें सहा हजार हेक्टर शेतीला त्याची झळ लागली; गुम्मा प्रांतांतील मोरिता गांवाचें सर्वांत अधिक नुकसान झालें. साठ वर्षांपूर्वींचे शेतकरी मठांत जमले होते, त्यांचे नातू आतां संघटना करून सरकारच्या दारीं बसले. त्यांनीं मागितलें तें आंकड्यांत मागितलें, हा या पिढीचा विशेष. खाणीनें ‘शक्य तेवढी काळजी’ घ्यावी, अशा भाषेवर ते समाधानी नव्हते. नदीच्या एका लिटर पाण्यांत तांबें किती चालेल, तें सांगा, असें त्यांचें म्हणणें. १९६८ त तो आंकडा ठरला: दर लिटरला ०.०६ मिलिग्रॅम. १९७१ त मोरिताच्या तांदळांत कॅडमियम हा घातक धातुही सांपडला. दुसऱ्या वर्षीं शेतकऱ्यांनीं सरकारी लवादाकडे धांव घेतली, आणि ११ मे १९७४ रोजीं निवाडा झाला. खाणीनें ९७१ शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई द्यावी, असें ठरलें. पहिल्या तक्रारीपासून हा दिवस उगवण्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ लागला. १९७६ त कंपनी आणि स्थानिक सरकार यांच्यांत प्रतिबंधक करार झाला. गाळाच्या सांठवणी व पाण्याचे हौद तपासण्याचा अधिकार त्यानें खालच्या लोकांच्या प्रतिनिधींना मिळाला. १८९७ च्या हुकुमांत जें नव्हतें तें हेंच.

खाण १९७३ च्या फेब्रुवारींत बंद झाली होती. भट्टी परदेशांतील खनिज आणून आणखी कांहीं वर्षें चालली. तिचा धूर मात्र १९५६ तच आटोक्यांत आला होता; फिनलंडांत शोधलेल्या नव्या पद्धतीनें गंधकाचें आम्ल करून विकतां येऊं लागलें. जो गंधक ऐंशी वर्षें डोंगर जाळीत होता, तोच विकाऊ माल ठरला.

धूर थांबल्यावर डोंगर हिरवे करण्याचें काम खऱ्या अर्थानें सुरू झालें. माती वाहून जाऊं नये म्हणून ओढ्यांना बांध घातले. उतारावर पायऱ्या कोरल्या. माती, खत आणि गवताचें बीं एकत्र दाबून विटांसारखे चौकोन केले, आणि तीं माणसांनीं पाठीवर वाहून नेऊन एकेका पायरीवर बसविलीं. जेथें माणूस चढूं शकत नव्हता, तेथें हेलिकॉप्टरमधून बीं टाकलें. प्रथम गवत, मग काळा पाइन व रॉबिनिया यांसारखीं चिवट झाडें, आणि त्यांच्या सावलींत मूळच्या जंगलांतील झाडें, असा क्रम ठेवला. १९९६ पासून तर खालच्या गांवांतील सामान्य माणसें वसंत ऋतूंत पिशवींतून माती व रोपें घेऊन हे डोंगर चढतात. हरणें रोपें खातात म्हणून जाळ्या लावाव्या लागतात. आज कित्येक कडे हिरवे दिसतात, कित्येक अजून उघडेच आहेत. कुऱ्हाडीला व धुराला जें करण्यास वीस-तीस वर्षें लागलीं, तें फिरविण्यास सत्तर वर्षें अपुरीं पडत आहेत.

यानाकाच्या जागेवरील तलावाभोंवतीं बोरूंचें विस्तीर्ण रान माजलें. तेथें पक्षी येतात, आणि २०१२ सालीं त्या पाणथळीची गणना जगांतील महत्त्वाच्या पाणथळींत झाली. गांवाचें स्मशान व देवळाची जागा तेथें अद्याप दाखवितात. १९०१ त बादशहाच्या गाडीपर्यंत न पोंचलेला अर्ज सानो शहराच्या संग्रहालयांत आहे. मे २०१४ मध्यें मेइजी बादशहाचे पणतू, तत्कालीन सम्राट् आकिहितो, त्या भागांत गेले, तेव्हां त्यांनीं तो पाहिला.

११ मार्च २०११ रोजीं ईशान्य जपानांत प्रचंड भूकंप झाला. आशिओ तेथून पुष्कळ दूर, तरी गेन्गोरोसावाची तीच सांठवण दुसऱ्यांदा घसरली आणि गाळ नदींत गेला. खालीं शेतीचें पाणी उचलतात तेथें प्रमाणाबाहेर शिसें आढळलें. खाण बंद होऊन तेव्हां अडतीस वर्षें झालीं होतीं. त्यानंतर देशांतील जुन्या सांठवणी मोठा भूकंप गृहीत धरून पुन्हां तपासण्यांत आल्या. २०१९ त ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथील लोखंडाच्या खाणीचा गाळबांध फुटून २७० माणसें मेलीं. पुढच्या वर्षीं गाळबांधांचें एक आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालें, आणि बांधाचा आराखडा खाण चालू असण्याच्या काळापुरता न करतां ती संपल्यानंतरच्या काळासाठींही करावा, असें त्यांत स्पष्ट म्हटलें.

आशिओंत तो नंतरचा काळ सुरूच आहे. रिकाम्या बोगद्यांतून आम्लयुक्त पाणी रोज झिरपतें. तें शुद्धीकरणाच्या कारखान्यांत आणतात, त्यांत चुना मिसळतात आणि निवळल्यावर वातारासेंत सोडतात. तळाशीं उरलेला गाळ पंपानें वर चढवून सुनोकोबाशि येथील सांठवणींत टाकतात. ही सांठवण १९६० त सुरू झाली. ती गांवाच्या अगदीं माथ्यावर, घरांच्या वरच्या घळींत आहे, आणि तिच्यांत अजून भर पडत असते.